सध्या काय वाचताय? गावात वाचनकट्टा सुरू करणाऱ्यांसाठी

कोकणातल्या गावात पुस्तकं असतात. माळ्यावर असतात, देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात असतात, शाळेच्या कपाटात कुलपाआड असतात, मे महिन्यात मुंबईहून आलेल्या भाच्याच्या सॅकमध्येही असतात. फक्त शेजारच्या वाडीत कोण काय वाचतंय हे कुणाला ठाऊक नसतं. वाचनकट्टा एवढ्याचसाठी. महिन्यातून एकदा तासभर बसायचं, प्रत्येकाने सध्या हातात काय आहे ते सांगायचं, आणि ते पुढे कुणी वाचावं हे नाव घेऊन सांगायचं. व्याख्यान नाही, सत्कार नाही, नारळ फोडणं नाही.

खालची पद्धत दहा-बारा माणसांच्या गावकट्ट्यासाठी आहे. तालुक्याच्या गावी गट मोठा असेल तर आकडे बदलतील, पण नोंदवहीची पायरी (४) आणि पावसाळ्याची पायरी (७) जशीच्या तशी लागू पडेल. कट्टा टिकतो किंवा मोडतो तो मुख्यतः या दोन ठिकाणी.

आधी जमवायचं सामान

- २०० पानी रजिस्टर, पुठ्ठा बांधणीचं, दोऱ्याने शिवलेलं – १. स्पायरलचं नको, खाऱ्या हवेत तार गंजते आणि पानं डागाळतात.
- साधी बॉलपेनं – २. शाईचं किंवा जेलपेन दमट कागदावर फुटतं.
- पोस्टकार्डाएवढ्या जाड चिठ्ठ्या – १००. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापून घेतली तरी चालतं.
- कापडी पिशव्या – माणशी एक.
- घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा किंवा क्रेट – १.
- चार्जिंगचा दिवा – १. जून ते सप्टेंबर वीज असेलच असं धरून चालू नका.

१. सहा माणसं शोधा

सुरुवातीला सहा ते आठ जण पुरे. वरची मर्यादा बारा. पहिली दहा मिनिटं मागच्या बैठकीच्या नोंदींना जातात, मग माणशी चार मिनिटं धरली तर बारा जणांत तास संपतो. त्यापुढे माणसं वाढली की शेवटच्या दोघांना बोलायला मिळत नाही, आणि पुढच्या वेळी नेमके तेच दोघे येत नाहीत. गर्दी वाढलीच तर वाडीवार दोन कट्टे करा.

निवड करताना शिक्षक एकच घ्या. दोन झाले की कट्ट्याची शाळा होते. बचत गटाची वही लिहिणारी एखादी ताई जरूर हवी, कारण आकडे आणि नावं नीट लिहायची तिला सवय असते. नोंदवही तिच्याकडेच द्यायची. निवृत्त होऊन गावी परतलेला एखादा चाकरमानी शोधा. त्याने मुंबईहून आणलेली पुस्तकं खोक्यात बांधलेलीच पडून असतात, कारण ती त्याच्याकडे कुणी मागितलेलीच नसतात. रोज एसटीने तालुक्याच्या कॉलेजला जाणारी मुलगी किंवा मुलगा असला तर वाचनालयाची ने-आण सुटते. आणि ज्याचं वाचन वर्तमानपत्रापुरतं आहे असा एक तरी माणूस घ्या, मग तो बोटीवरचा खलाशी असो की बागेतला राखणदार. "म्हणजे त्या पुस्तकात होतं काय?" हा प्रश्न तोच विचारतो, बाकीचे मान डोलावतात.

बोलवायला जाताना "तुम्ही वाचता का?" असं विचारू नका. उत्तर "वेळ कुठे मिळतो" असंच येतं. "सध्या घरात कुठलं पुस्तक उघडं आहे?" असं विचारा. मग पोथी निघते, शेतीचं मासिक निघतं, नातवाचं स्पर्धा परीक्षेचं पुस्तक निघतं. हे सगळं कट्ट्यावर चालतं. रोज सकाळी पोथीचा एक अध्याय वाचणाऱ्या आजी गावातल्या सर्वांत नियमित वाचक असतात, आणि त्यांना वाचक म्हणून कुणी बोलावलेलं नसतं.

कवींना बंदी नाही. पण स्वतःचं लिखाण इथे वाचायचं नाही, हा नियम पहिल्या दिवशीच सांगून टाका. नंतर सांगितला तर तो कुणा एकावर रोखलेला वाटतो.

२. जागा आणि दिवस ठरवा

सर्वांत सोयीची जागा म्हणजे मराठी शाळेची पडवी. मुख्याध्यापकांच्या नावे एका पानाचा अर्ज करा, त्यात दिवस, वेळ आणि "शाळेच्या वेळेबाहेर" हे शब्द असू द्या. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तो मांडायला सांगा. तोंडी परवानगी मुख्याध्यापकांची बदली होईपर्यंतच चालते.

देवळाचा सभामंडप हवेशीर असतो, फुकट असतो, आणि पहिल्यांदा तोच डोळ्यासमोर येतो. पण कुणाला सुतक असतं, कुणी बाई पाळीच्या दिवसांत येत नाही, आणि मोहल्ल्यातली माणसं तर आपण होऊन येणारच नाहीत. कोकणी मुसलमानांच्या कितीतरी घरांत मराठी आणि उर्दू दोन्ही वाचलं जातं, ते वाचक जागेपायी गमावू नका. कुणाच्या घरची ओटी धरली तर भावकी आडवी येते. ज्या दोन घरांचा जमिनीचा दावा चालू आहे त्यातलं एक घर दुसऱ्याच्या पायरीवर चढत नाही.

वेळ शेवटच्या एसटीवर ठरते. साडेचार ते साडेपाच ही वेळ बहुतेक गावांत जमते. दिवेलागणीच्या आत माणसं घरी पोचतात आणि पावसाळ्यात पायवाटेवर जनावराची भीती राहत नाही.

महिने मात्र गावाप्रमाणे ठरवा. बंदरावरच्या गावात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा माणसं घरी असतात. कट्टा सुरू करायला याहून चांगला काळ नाही. शेतीच्या गावात नेमकं उलट. लावणीच्या दिवसांत कुणाला पाठ टेकायची उसंत नसते, तेव्हा जुलै सोडून द्या. ऑक्टोबरात कापणी आणि झोडणी. गणपतीत चाकरमानी आलेले असतात म्हणून एक बैठक हमखास घ्या, पण ती गौरी येण्याआधी आणि दुपारी. संध्याकाळ आरत्या-भजनांची असते. दिवाळीनंतर ते जानेवारीअखेर हा सर्वांत मोकळा काळ, फक्त गावच्या आणि शेजारगावच्या जत्रेची तारीख पाहून घ्या. शिमग्यात पालखी घरोघर फिरत असताना बैठक लावणं म्हणजे स्वतःच्या हाताने रिकामी पडवी मांडणं. आंब्या-काजूच्या हंगामात बागायतदार दिसणार नाहीत, हे गृहीत धरा.

वर्षाला दहा बैठका जाहीर करा. बारा जाहीर केल्या तर दोन चुकतील आणि "कट्टा बंद पडला" अशी बोंब आधी उठेल.

३. तीनच प्रश्न, चार मिनिटं

प्रत्येकाने या तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची:

१. सध्या काय वाचताय आणि कुठपर्यंत आलात?
२. हे आपल्यापैकी कुणी वाचावं आणि का?
३. कुणी वाचू नये?

पहिल्या प्रश्नातला "कुठपर्यंत" महत्त्वाचा आहे. पुस्तक संपवूनच बोलायचं असा दंडक घातला की दोन गोष्टी बिघडतात. सावकाश वाचणारे चार-चार महिने गप्प बसतात, आणि ज्यांचं वाचून झालंय ते अख्खी गोष्ट सांगून टाकतात. ७० व्या पानावर असलेला माणूस गोष्ट सांगूच शकत नाही. तो आतापर्यंत काय वाटलं ते सांगतो, आणि ऐकणाऱ्याला तेच हवं असतं. अर्धवट सोडलेलं पुस्तकही सांगू द्या, पण कुठल्या पानावर सोडलं आणि का, हे विचारा.

दुसऱ्या प्रश्नावर अडून बसा. "छान आहे, सगळ्यांनी वाचावं" हे उत्तर घेऊ नका. सगळ्यांनी वाचावं असं सांगितलेलं पुस्तक कुणीच घरी नेत नाही. एका माणसाचं नाव आलं की त्या माणसाला ते न्यावंसं वाटतं, आणि बाकीच्यांना आपलं नाव का घेतलं नाही असंही वाटतं. दोन्ही फायद्याचंच.

चांगली शिफारस साधारण अशी असते: "गिरणी बंद पडल्यावर गावी परतलेल्या कामगाराची कादंबरी आहे. २२० पानं. पहिली चाळीस पानं रेंगाळतात, पुढे सुटते. बोलणं सगळं मालवणीत. तात्यांनी वाचावी, त्यांनी १९८२ चा संप आतून पाहिलाय. अक्षर बारीक आहे, तेव्हा दिवसा उजेडी वाचावी. घरात आजारपण चालू असेल त्याने सध्या नको."

यात काय काय आलं पाहा. पानं किती, अक्षर केवढं, भाषा कुठली, कुठे अडखळायला होतं, आणि जड प्रसंग आहेत का. अक्षराची बाब शहरातले लोक कधी सांगत नाहीत, पण गावकट्ट्यावरचे बरेचसे वाचक साठीच्या आसपासचे असतात. वर्तमानपत्राच्या अक्षरापेक्षा मोठं की लहान, एवढं सांगितलं तरी काम होतं. जड प्रसंगांचंही तसंच. ज्या घरात नुकतंच कुणी गेलंय तिथे मृत्यूच्या वर्णनाने भरलेलं आत्मचरित्र न सांगता पाठवू नये. काही जणांना नेमकं तेच वाचायचं असतं, पण ठरवू त्यांना द्या.

शेवट सांगायचा नाही. रहस्यकथेत तर खुनी कोण याचा इशाराही नाही. हे सांगायला लागू नये, पण लागतं.

मोबाइलवर चार मिनिटांचा गजर लावा आणि तो सगळ्यांत ज्येष्ठ माणसाच्या हातात द्या. त्यांना कुणी थांबवू शकत नसतं, त्यापेक्षा थांबवायचं काम त्यांच्याकडेच गेलेलं बरं. बोलायला लाजणाऱ्यांना पुस्तकातला एखादा परिच्छेद मोठ्याने वाचू द्या, अर्ध्या पानापेक्षा जास्त नाही. आणि बोली सुधारायला जाऊ नका. मालवणी, संगमेश्वरी, आगरी, ज्याला जी येते तीत त्याने सांगावं. "काय वाचतंस?" या प्रश्नाला प्रमाण मराठीत उत्तर द्यावं लागणार असेल तर अर्धी माणसं "कायच नाय" म्हणून मोकळी होतात.

४. नोंदवही

वहीची दोन समोरासमोरची पानं मिळून एक तक्ता आखा. रकाने हे:

- तारीख
- वाचक आणि वाडी
- पुस्तकाचं नाव
- लेखक, अनुवाद असेल तर अनुवादकही
- प्रकाशन आणि आवृत्तीचं वर्ष
- प्रत कुणाची (घरची, वाचनालयाची, उसनी)
- कितव्या पानावर
- कुणासाठी सुचवलं
- पुढे काय झालं

पहिले पाच रकाने पुस्तक हातात घेऊन भरायचे, आठवणीतून नाही. म्हणून नियम असा की पुस्तक घेऊनच यायचं. मोबाइलवर वाचत असाल तर पहिलं पान उघडून दाखवायचं. आठवणीतून लिहिलेल्या नोंदी हमखास चुकतात. एकाच नावाची दोन पुस्तकं असतात, आडनावावरून लेखक बदलतो, आणि "तो निळ्या मुखपृष्ठाचा" या वर्णनावर वाचनालयात काहीच सापडत नाही. आवृत्तीचं वर्ष आणि प्रकाशक शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला असतात. अनुवादकाचं नाव का? एकाच परदेशी कादंबरीचे मराठीत दोन-तीन अनुवाद असतात, एखादा संक्षिप्त असतो. सुचवणाऱ्याने वाचलेला एक आणि आणणाऱ्याने आणलेला दुसरा, असं झालं की "मला तर काहीच आवडलं नाही" हे भांडण वर्षभर पुरतं.

शेवटचा रकाना पुढच्या बैठकीत भरायचा: मिळालं, मिळालं नाही, वाचलं, सोडलं, दुसऱ्याला दिलं. बैठकीची पहिली दहा मिनिटं यालाच द्या. गेल्या खेपेला तात्यांना सुचवलेली कादंबरी त्यांनी वाचली का, हे विचारल्याशिवाय नवी शिफारस घ्यायची नाही. हा रकाना रिकामा राहायला लागला तर समजा, लोक पुस्तकांची नावं सांगून घरी जातायत, पुस्तकं हलत नाहीत.

वहीची शेवटची तीस पानं वेगळी ठेवा. तिथे प्रत्येक वाचकाच्या नावाचं एक पान करा आणि त्याला आजवर जे जे सुचवलं गेलं ते त्या पानावर उतरवत जा. तालुक्याला वाचनालयात जाणाऱ्याने निघताना आपल्या पानाचा फोटो काढून न्यायचा. कपाटासमोर उभं राहिल्यावर काय मागायचं ते आठवत नाही, हा प्रश्न तिथेच मिटतो.

वही फिरती ठेवू नका, एकाच घरात ठेवा. प्रत्येक बैठकीनंतर नव्या पानाचा फोटो काढून ठेवा. पावसाळ्यात वही हरवण्यापेक्षा भिजण्याची शक्यता जास्त असते.

५. पुस्तकं कुठून आणायची

कोकणात वाचनालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. तालुक्याच्या गावी एखादं वाचनालय बहुतेक असतंच. सदस्य होताना साधारण हे लागतं:

- भरलेला अर्ज (वाचनालयातच मिळतो)
- आधार कार्डाची किंवा पत्त्याच्या दुसऱ्या पुराव्याची प्रत
- पासपोर्ट आकाराचे दोन फोटो
- अनामत रक्कम आणि वर्गणी
- काही ठिकाणी जुन्या सदस्याची ओळख म्हणून सही

अनामतीची पावती जपून ठेवा, नोंदवहीच्या आतल्या पुठ्ठ्याला लिफाफा चिकटवून त्यात टाका. सदस्यत्व सोडताना पैसे परत घ्यायला तीच मागतात. जाण्याआधी फोन करून वेळ विचारा. अनेक वाचनालयं सकाळ-संध्याकाळ उघडी आणि दुपारी बंद असतात, आणि एसटी नेमकी दुपारी पोचते.

सगळ्यांनी सदस्य व्हायची गरज नाही, दहा जणांत तीन कार्डं पुरतात. पण वाचनालयाचं पुस्तक कट्ट्यावर परस्पर दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही. ते ज्याच्या नावावर आहे त्याने परत करायचं आणि दुसऱ्याने आपल्या कार्डावर घ्यायचं. परस्पर दिलेलं पुस्तक हरवलं की दंड भरणारा एक आणि हरवणारा दुसरा होतो. हवं असलेलं पुस्तक नसेल तर वाचनालयाच्या मागणीवहीत नाव, लेखक, प्रकाशक लिहून या. वार्षिक ग्रंथखरेदीच्या आधी लिहिलेल्या मागणीचा विचार होतो, नंतरची पुढच्या वर्षावर जाते.

दिवाळी अंकांची साखळी हा दुसरा मार्ग, आणि नव्या कट्ट्यासाठी सर्वांत सोपा. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने दिवाळी अंकाची प्रथा पाडली. त्याचे संपादक का. र. मित्र यांचं मूळ आडनाव आजगावकर, म्हणजे ही गोष्ट आपल्याकडचीच. आठ घरांनी प्रत्येकी एकच अंक घ्यायचा. कुणी कुठला घ्यायचा ते नवरात्रातच ठरवा, नाहीतर तीन घरांत एकच अंक येतो. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला आठ घरांची नावं क्रमाने लिहून चिकटवा. दर रविवारी अंक पुढच्या घरी सरकतो, आठव्या आठवड्यात आठही अंक सगळ्यांचे वाचून होतात. खर्च एका अंकाचा, म्हणजे अडीचशे ते पाचशे रुपये. राशिभविष्याचा अंक घेतलात तर तो साखळीत मध्येच अडकेल, एवढं ध्यानात ठेवा.

तिसरा मार्ग चाकरमान्यांचा. गणपतीला येणाऱ्यांना श्रावण लागताच यादी पाठवा. माणशी दोनच पुस्तकं, पूर्ण नाव, प्रकाशक, शक्य तर आयएसबीएन (पुस्तकाची ओळख पटवणारा छापील क्रमांक), आणि पैसे आधी. "येताना काहीतरी चांगलं आण" असं सांगितलं की भेटवस्तू म्हणून छापलेली सुविचारांची पुस्तकं येतात.

मोबाइलवर वाचणाऱ्यांसाठी फुकट आणि कायदेशीर साहित्यही बरंच आहे. मराठी विकिस्रोतावर जुनी पुस्तकं आहेत, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर त्यांची प्रकाशनं आहेत, मराठी विश्वकोश आहे, आणि मुलांसाठी बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक आहेत. वाडीत रेंज नसेल तर तालुक्याला गेल्यावर उतरवून घ्या.

नव्या पुस्तकांच्या पीडीएफ मात्र गटात टाकू देऊ नका. भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क सुरक्षित असतो. "सगळेच पाठवतात" हे खरं असलं तरी ती फाइल तुमच्या गटातून पुढे गेली तर नाव तुमचं येतं.

६. देवाणघेवाण

घरची पुस्तकं देताना चिठ्ठी भरा: पुस्तक, मालक, नेणारा, तारीख. चिठ्ठी मालकाकडे राहते. मुदत पुढच्या बैठकीपर्यंत, वाढवून हवी तर विचारून. दंड ठेवू नका, वसूल होत नाही आणि माणूस तुटतो. हरवलं तर तेच पुस्तक आणून द्यायचं. छपाईत नसेल तर मालक सांगेल ते त्याच किमतीचं. सही केलेल्या किंवा वडिलांच्या आठवणीच्या प्रती कट्ट्यावर आणू नका, फक्त त्यांच्याबद्दल सांगा.

७. पावसाळा

हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कागदावर बुरशी धरते. कोकणात जून ते सप्टेंबर ती बहुतेक वेळ ८० च्या वर असते. त्यामुळे बुरशी येणारच हे धरून चाला, लढाई फक्त ती पसरू न देण्याची आहे.

पुस्तकं भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागे चार बोटं जागा सोडा. चिऱ्याची भिंत ओल ओढते आणि सर्वांत आधी पुस्तकांच्या मागच्या कडा जातात. खालचा कप्पा जमिनीपासून निदान वीतभर वर हवा, आणि नदीकाठच्या किंवा खाडीकाठच्या गावात तर पुस्तकं माळ्यावरच बरी. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा तळमजल्यावरचं काही वाचवायला कुणाला वेळ मिळाला नाही.

आंब्याच्या लाकडी पेट्या पुस्तकांसाठी वापरायचा मोह होतो, कारण त्या घरात पडलेल्या असतात. वापरू नका. ते लाकूड कच्चं असतं, पाणी धरतं, आणि वाळवीला आमंत्रण देतं. पत्र्याच्या ट्रंकेला आतून घाम फुटतो. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा चालतो, पण पुस्तकं कोरडी असतानाच, म्हणजे मेअखेरीस बंद केली तर. ओलसर पुस्तक डब्यात कोंडलं तर आठवड्यात डबाभर बुरशी होते. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि महिन्याने त्या बदला. पुस्तकांना प्लास्टिकचं वेष्टन घालू नका, आत ओल अडकते. खाकी कागदाचं घाला.

डब्यात बंद पुस्तकांपेक्षा हातात फिरणारी पुस्तकं कमी खराब होतात. पानं उलटली जातात, हवा लागते, कसर लागली तर लगेच दिसते. म्हणून पावसाळ्यात देवाणघेवाण थांबवायची नाही, फक्त कापडी पिशवीत पुस्तक आणि वाटेपुरती त्यावर प्लास्टिकची पिशवी. घरी पोचल्यावर प्लास्टिक काढायचं.

बुरशी दिसली तर: तोंडाला रुमाल बांधून पुस्तक घराबाहेर न्या, कोरड्या मऊ फडक्याने कण्यापासून बाहेरच्या दिशेने पुसा, ते फडकं परत वापरू नका. मग पुस्तक उभं, पानं पंख्यासारखी उघडून, वाऱ्याला सावलीत ठेवा. ओल्या फडक्याने पुसलं तर बुरशी कागदात जिरते. कडक उन्हात ठेवलं तर कागद पिवळा आणि ठिसूळ होतो, बांधणीचा डिंक सुटतो.

पुस्तक पूर्ण भिजलं तर पानं सोडवायला जाऊ नका, ओला कागद फाटतो. उभं करून पाणी निथळू द्या, मग दर वीसेक पानांनी कोरा टिपकागद घाला (वर्तमानपत्राची शाई उतरते), दोन-तीन तासांनी तो बदला, वर पंखा लावा. ४८ तासांत कोरडं झालं नाही तर बुरशी धरते. गुळगुळीत कागदाची, फोटोंची पुस्तकं वाळताना एकमेकांना चिकटून ठोकळा होतात. त्यांना आधी हात घाला.

कसर किंवा वाळवीसाठी कडुलिंबाचा सुकलेला पाला आणि कापूर ठेवतात. त्याने किडे दूर राहतात, आत असलेले मरत नाहीत. मारायचे असतील तर पुस्तक हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडू नका, नाहीतर थंड पानांवर दव धरतं. बुरशी याने जात नाही. आणि फ्रीजर मासळीचा नको. बांगड्याचा वास कादंबरीतून जन्मात जात नाही.

८. व्हॉट्सअॅप

गट ठेवा, पण बैठकीला पर्याय म्हणून नको. एका वाचकाने आठवड्यातून एकच संदेश टाकायचा: पुस्तकाचं नाव, कितवं पान, कुणासाठी. मुखपृष्ठाचा फोटो चालेल. सुप्रभात, देवदेवतांची चित्रं, राजकारण आलं की दोघा व्यवस्थापकांपैकी कुणीही न विचारता काढून टाकायचं, आणि हे आधी सांगून ठेवायचं. गावाबाहेरचे चाकरमानी गटात असतील तर गणपतीची यादी इथूनच जाते.

९. नोंदणीची घाई करू नका

कट्टा वर्षभर चालला की कुणीतरी म्हणतंच, आता आपण वाचनालय करूया, अनुदान मिळतं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा आहे आणि त्याखाली वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, पण तिथे पोचायला आधी संस्था नोंदवावी लागते, जागा, दाखलनोंदवही, हिशेब, लेखापरीक्षण, ठरावीक वेळ उघडं ठेवणं हे सगळं येतं. विचार खराच असेल तर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन सध्याचे निकष आणि नवी मान्यता चालू आहे का, हे लेखी विचारा. जाताना आपली नोंदवही बरोबर न्या. किती वाचक, किती पुस्तकं, किती वेळा हलली, हे दाखवायला तुमच्याकडे दुसरा कागद नसतो.

तोवर ज्या महिन्यात पाऊस धरून असेल आणि दोघेच येतील, त्या दिवशी दोघांची बैठक घ्या आणि दोन ओळी वहीत लिहा. जो तिसरा येणार होता, त्याच्या पानावर पुस्तकाचं नाव टाकून ठेवा, आणि पाऊस ओसरला की त्याला ते घरी नेऊन द्या.